येत्या रविवारी

आमच्या घरात दोन पक्ष आहेत. एक जपणाऱ्यांचा, एक फेकणाऱ्यांचा. दोन्हीकडं एकेकच सभासद, त्यामुळं मतदान नेहमी बरोबरीत सुटतं आणि वादाचं मूळ असलेली पत्र्याची ट्रंक माळ्यावर जशीच्या तशी राहते. ट्रंकेत काय नाही? अंतर्देशीय पत्रं, कार्डं, पुसट शिक्क्यांची पाकिटं, कुणाकुणाच्या बारशाची आवतणं. माझी ३४ वर्षं टपालखात्यात गेली; आधी बीटवर, मग सॉर्टिंगच्या कप्प्यांपुढं. दुसऱ्यांची पत्रं मी पोचवली. स्वतःची मात्र हातातून सुटत नाहीत. ट्रंकेखेरीज स्वयंपाकघराच्या दाराशी एक तार आहे, वर आकडा आणि खाली लाकडाची चकती असलेली. पत्र वाचून झालं की तारेला ओवायचं, ही माझ्या वडिलांची पद्धत. ती तार दिसली की आमच्या हिचं डोकं उठतं.

"रद्दीचा भाव वाढलाय म्हणे," असं ती दर दोन दिवसांनी भिंतीला सांगते.

यंदा मे महिन्यात पुतणी पुण्याहून चार दिवस बेळगावजवळच्या आमच्या हिंडलग्याला आली होती. ती पुण्यात एका प्रयोगशाळेत पीएचडी करते. विषय विचारला तर एका दमात म्हणाली, "कर्करोगाच्या वाढीत आरएनए-बंधक प्रथिनांची भूमिका." आमच्याकडं भूमिका म्हणजे गणपतीतल्या नाटकातली, एवढंच ठाऊक. मी मान हलवली. ती मात्र आमचं ट्रंकेवरचं भांडण कान देऊन ऐकत होती. अचानक टाळी वाजवून म्हणाली, "सापडलं! काका म्हणजे हू-आर आणि काकू म्हणजे टीटीपी!"

"शिव्या घालूलाईस काय गं आम्हाला?" हिनं विचारलं.

शिव्या नव्हत्या. ती दोन प्रथिनांची नावं होती, आणि पुढचे चार दिवस आमचा संसार त्यांच्याच नावानं चालला.

पेशीचा सगळा कारभार डीएनए नावाच्या पोथीत लिहिलेला असतो, हे मलाही माहीत होतं. पोथी देवघरातून, म्हणजे पेशीच्या केंद्रकातून, बाहेर काढायची नाही. लागेल त्या पानाची नक्कल करायची. ती नक्कल म्हणजे आरएनए. बाहेर रायबोसोम नावाचे वाचक बसलेले असतात, ते ती वाचून प्रथिन तयार करतात. माझी समजूत अशी की लिहिणारा लिहितो, वाचणारा वाचतो, संपलं.

"आणि मधे पत्र नेतं कोण, काका?"

जन्मभर खाकी घातलेल्या माणसाला हा प्रश्न दुसऱ्यानं विचारावा लागला, याची मला खरोखर लाज वाटली. माणसाच्या पोथीत प्रथिनांच्या सुमारे २०,००० कृती आहेत, आणि त्यांतली दीड हजारांहून जास्त प्रथिनं आरएनएला धरण्याचंच काम करतात. पत्र कातरून जोडणारी, त्यावर शिक्का मारणारी, पत्ता बघून वळवणारी, काही दिवस दाबून ठेवणारी आणि शेवटी फाडून टाकणारी. म्हणजे पेशीत दर बारा-तेरा माणसांमागं एक टपालवाला! आमच्या खात्यानं अशी भरती कधी काढली नाही.

त्यातलं फाडणाऱ्यांचं काम मला सगळ्यांत आवडलं. पेशीतली सगळी पत्रं सारख्या आयुष्याची नसतात. रक्तातलं हिमोग्लोबिन बनवायचा निरोप दिवसभरही टिकतो. पण 'वाढायला लाग' असं सांगणाऱ्या मिक नावाच्या जनुकाचा निरोप अर्ध्या तासातच निम्मा नाहीसा होतो. निरोप महत्त्वाचा, म्हणूनच अल्पायुषी. मी विचारलं, फाडणाऱ्याला कळतं कसं, कुठलं ठेवायचं आणि कुठलं फाडायचं?

"पत्रावरच खूण असते. शेपटाकडं ए आणि यू ही अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. एयूयूयूए, एयूयूयूए."

ही हसायला लागली. तिला ते पाळण्यातल्या पोरानं गळा काढल्यासारखं वाटलं. मला मात्र कोपरा फाटलेलं कार्ड आठवलं. आजच्या पोरांना सांगावं लागेल: कुणी गेल्याची बातमी असली की कार्डाचा एक कोपरा फाडून ते टाकायचे. असलं कार्ड हातात आलं की मी सायकलची घंटासुद्धा वाजवत नसे. घरातलं कुणीतरी बाहेर येई, अंगणातच वाचून घेई आणि तिथल्या तिथं कार्ड फाडून टाकी. ते उंबऱ्याच्या आत जायचं नाही, तारेला तर मुळीच लागायचं नाही. वाचा आणि फाडा, हा हुकूम मजकुरात नव्हता, कोपऱ्यात होता.

पुतणीनं हे वहीत लिहून घेतलं. मग म्हणाली, अमेरिकेत शॉ आणि केमन या दोघांनी नेमका हाच कोपरा शोधला. एका अल्पायुषी निरोपाचं ए-यूवालं शेपूट कापून त्यांनी हिमोग्लोबिनच्या दीर्घायुषी निरोपाला जोडलं, तर तोही भराभर नाहीसा व्हायला लागला. साल १९८६. त्या वर्षीचा जून महिना हिंडलगा विसरलेलं नाही. कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन, गोळीबार, आणि त्यानंतर गावात उभं राहिलेलं हुतात्मा स्मारक. दर १ जूनला तिथं फुलं पडतात. ती तार कुणी उतरवत नाही.

तर टीटीपी, म्हणजे आमची ही, कोपरा फाटलेली पत्रं हुडकते. पकडून ती त्यांचं शेपूट छाटणाऱ्यांना हाक मारते. शेपूट गेलं की उरलेल्या पत्राचा चुरा व्हायला वेळ लागत नाही. ज्या उंदरांत टीटीपी नव्हतं, त्यांच्या शरीरात दाहाचे निरोप साचत गेले आणि ते बिचारे सांधे धरून रोडावले. "बघा," ही म्हणाली, "घर आवरायला कुणी नसलं की असं होतं." आणि हू-आर? तो तोच कोपरा मुठीत धरून बसतो, म्हणजे टीटीपीचा हात तिथं पोचायलाच नको. पत्र टिकतं, पुन्हा पुन्हा वाचलं जातं.

इथं मला माझ्या बीटवरच्या एका पाहुण्याची गोष्ट सांगावी लागली. नाव कशाला. एका बागायतदारानं आपल्या लांबच्या मेहुण्याला कार्ड घातलं होतं, "येत्या रविवारी जेवायला यावे." मीच ते पोचवलं आणि त्या गृहस्थांना अक्षर लागत नसल्यामुळं मीच वाचून दाखवलं. रविवारी ते गेले, जेवले. पुढच्या रविवारी पुन्हा गेले. त्याच्या पुढच्या रविवारीही. चौथ्या आठवड्यात बागायतदार मला रस्त्यात गाठून म्हणाले, "मास्तर, माझ्या नावानं दुसरं कार्ड गेलं काय हो?" मी चौकशीला गेलो तर कार्ड तारेला ओवलेलं, तारखेचा शिक्का शाईच्या डागात बुडालेला. पाहुणे शांतपणे म्हणाले, "बोलावलंय की ओ. हे बघा, 'येत्या रविवारी'. आता येता रविवार कवा? परवाच न्हवं?"

यात खोटं काय होतं? अक्षर बागायतदाराचं, सही त्याची, आमंत्रण मनापासूनचं. पाचव्या रविवारी त्या घरातल्या बाईंनी सगळ्या घराला उपास धरायला लावला, तेव्हा कुठं प्रकरण मिटलं.

पुतणी खुर्चीतून उठलीच. "काका, लोकांना वाटतं कॅन्सर म्हणजे पोथीत झालेली खाडाखोड. ती असतेच. पण कित्येक निरोप अगदी अस्सल असतात. 'पेशी वाढव', 'रक्तवाहिनी इकडं आण', 'जागा सोड आणि पुढं सरक'. गर्भात, जखमेत हे निरोप लागतातच. एका रविवारपुरते."

निरोगी पेशीत हू-आर बहुतेक वेळ केंद्रकात, देवघरातच बसलेला असतो. पेशीवर काही संकट आलं तर तो निरोप घेऊन बाहेर येतो, काम झालं की परत. स्तनाच्या, आतड्याच्या, तोंडाच्या कित्येक कर्करोगांत मात्र तो मोठ्या संख्येनं बाहेर सोप्यावर ठाण मांडून बसलेला सापडतो, आणि टीटीपी घटलेलं असतं. घरात आवरणारी बाई नाही आणि म्हातारा तार धरून बसलेला, असं ते दृश्य.

तोंडाच्या कर्करोगाचं नाव निघालं तशी ही आत निघून गेली. तिला माहीत होतं मला काय आठवणार ते.

माझे मामा निपाणीचे. विडीच्या तंबाखूच्या वखारीत हिशेबाला होते. त्यांचं पत्र मी सॉर्टिंगमध्ये डोळे मिटून ओळखायचो, पाकिटालाच तंबाखूचा वास. निपाणीच्या हवेतच तो वास असायचा. हंगामात तिठ्यावर उतरलं की पहिली शिंक यायची आणि मग समजायचं, पोचलो. १९८१ साली शरद जोशींच्या मागं शेतकरी पुणे-बेंगळूर रस्त्यावर बसले, तेही याच पिकाच्या भावासाठी. मामी सकाळी मिश्री लावायची. मामांच्या गालात चिमूट असायचीच. जेवताना काढून ठेवायची आणि पानावरून उठलं की नवी. एका वर्षी गालाच्या आत बारीकशी जखम झाली. चुन्यानं भाजलं असेल, म्हणाले. तिखट लागायला लागलं तर दहीभातावर आले. पत्रात लिहायचे, "तोंडाचे किरकोळ आहे, येत्या अमावास्येपर्यंत बरे वाटेल." अशी चार पत्रं माझ्या ट्रंकेत आहेत. मिरजेला नेलं तोवर पुष्कळ अमावास्या होऊन गेल्या होत्या.

हॅरॉल्ड ड्वोरॅक नावाच्या डॉक्टरांनी कर्करोगाच्या गाठीला न भरणाऱ्या जखमेची उपमा दिली. तेही १९८६ सालीच. जखम झाली की शरीर दाह पेटवतं, रक्त आणतं, पेशी वाढवतं, सगळं योग्य. मग थांबतं. गाठीत ते थांबत नाही. दाह पेटवणाऱ्या कॉक्स-२ नावाच्या प्रथिनाच्या निरोपावर तोच फाटका कोपरा असतो, आणि आतड्याच्या कर्करोगात हू-आर तो धरून ठेवतो, असं दिसलेलं आहे. जपानमधल्या संशोधकांनी तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींतला हू-आर कमी केला तर त्यांचा जोर ओसरला. तंबाखू पोथीत खाडाखोड करते ती करतेच. पण तिनं लावलेली आग विझवायचा निरोप कुणी वाचायचा आणि पेटवायचा कुणी फाडायचा, हे टपालवाल्यांच्या हातात.

सवयी आणि कर्करोग यांची गाठ घालून दाखवणारं आपल्याकडचं मोठं नाव वसंत रामजी खानोलकरांचं. मुंबईच्या टाटा रुग्णालयात बसून त्यांनी आणि सूर्याबाईंनी १९४५ साली जे लिहिलं, त्यात खैनीनं होणारा कर्करोग होता आणि धोतराच्या घट्ट गाठीखाली वर्षानुवर्षं घासून होणारा कर्करोगही होता. माझे आजोबा धोतर एवढं आवळून नेसायचे की जेवल्यावर आजीला ते सैल करावं लागे. खानोलकरांच्याच तालमीत तयार झालेल्या पुण्याच्या कमल रणदिवे यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. पुतणीच्या बशीतल्या पेशी वाढतात त्या त्याच वाटेनं.

दुसऱ्या दिवशी पिनकोड निघाला, आणि त्यात मी तिला काही शिकवू शकलो. पिनकोड काढला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. कोकणातला माणूस, संस्कृतात नाटकं लिहिणारा, खात्यात मोठा अधिकारी. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो सुरू झाला. पहिला आकडा प्रदेशाचा. आमचं हिंडलगा ५९११०८, म्हणजे पाचानं सुरू. वेंगुर्ला रस्त्यानं सुळगा, तुरमुरी मागं टाकून शिनोळीत, म्हणजे महाराष्ट्रात, पाय ठेवला की चार. भाषा तीच, शेती तीच, पाहुणे तेच, आकडा बदलतो. आमच्याकडं कित्येक जण पत्त्यात हट्टानं 'बेळगाव, महाराष्ट्र' लिहायचे, अजून लिहितात. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, पण सॉर्टिंगच्या कप्प्यापुढं उभा असलेला माणूस निकालाची वाट बघत नाही. तो पाच बघतो आणि पत्र पाचाच्या कप्प्यात टाकतो. लिहिणाऱ्याचा स्वाभिमानही राहतो, पत्रही मिळतं. वेलणकरांचे उपकार.

"आमच्यातपण पिनकोड आहे!" पुतणी म्हणाली. ॲक्टिन नावाचं प्रथिन पेशीला सरकायला लागतं, आणि ते लागतं पेशीच्या पुढच्या टोकाला. म्हणून त्याच्या निरोपाच्या शेपटाकडं एक पत्ता असतो. रॉबर्ट सिंगर यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेनं तो शोधला आणि त्याला तिकडच्या पिनकोडाचंच नाव दिलं. तो वाचणारं प्रथिन, झेडबीपी-१, निरोप मोहरबंद करून नेतं. वाटेत कुणी वाचू शकत नाही. टोकाला पोचल्यावर तिथलं एक विकर मोहर फोडतं. (आमची कार्डं वाटेत कोण कोण वाचायचं, ते जाऊ दे.) कर्करोगाची पेशी जेव्हा आपलं गाव सोडून यकृतात, हाडांत जाऊन बसते, तेव्हा याच टपालाचा घोळ असतो. पण घोळ सरळ नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत झेडबीपी-१ घटलं तर त्या जास्त भटकतात, आणि त्याच कुळातलं आयएमपी-३ नावाचं भावंड गाठीत वाढलेलं दिसलं की डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडते. एकाच घराण्यात असे दोन स्वभाव आम्हाला नवीन नाहीत.

या प्रथिनांची नावं कोण ठेवतं, हा हिचा प्रश्न. काही नावं फळमाशीवर काम करणारे ठेवतात. एका माशीत एका राठ केसाच्या जागी दोन उगवले, तर जपानी शास्त्रज्ञांनी त्या जनुकाला मुसाशी म्हटलं. मियामोतो मुसाशी हा दोन तलवारींनी लढणारा सामुराई. पुढं हाच मुसाशी रक्ताच्या कर्करोगात सापडला. आणि हू? ते एका रुग्णाच्या आडनावाची पहिली दोन अक्षरं. फुफ्फुसाचा कर्करोग झालेल्या काही माणसांचं शरीर गाठीशी लढताना स्वतःच्याच मज्जापेशींवर घसरतं. त्यांच्या रक्तातून या प्रथिनाचं कूळ कळलं. तीच रीत आमच्याकडं चालवली असती तर सगळीच प्रथिनं 'पा' झाली असती. हिंडलग्यात दगड मारला तर तो पाटलालाच लागतो.

पण मी हू-आरवर फार डूख धरू नये म्हणून पुतणीनं बेंगळूरचं उदाहरण दिलं. तिथल्या भारतीय विज्ञान संस्थेत सौमित्र दास यांच्या गटानं पी-५३ या राखणदार प्रथिनाच्या निरोपावर काम केलं. पेशी बिनसायला लागली तर तिला थांबवायचं काम पी-५३ चं. त्याचा निरोप नेहमीसारखा सुरुवातीपासूनच वाचला जातो असं नाही. मधूनही वाचायला सुरुवात करता येते, आणि मग थोडं आखूड पी-५३ तयार होतं. मधूनच वाचायचं म्हणजे काय, हे बेळगावच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. फलकावर वर कन्नड, खाली इंग्रजी, नशीब असेल तर त्याखाली मराठी. आम्ही आमची ओळ गाठून तिथूनच सुरू करतो. पेशीवर ताण आला की पीटीबी नावाचं प्रथिन केंद्रकातून बाहेर येतं आणि या मधल्या वाचनाला हात देतं. म्हणजे देवघर सोडून बाहेर आलेला प्रत्येक जण काही वाया गेलेला नसतो.

"मग त्या हू-आरला औषध नाही काय?" आतून प्रश्न आला. तिचं सगळं लक्ष होतं.

शोधतायत, पण अवघड आहे. औषधाच्या रेणूला बसायला प्रथिनावर एखादा खिसा लागतो, आणि हू-आर हा बिनखिशाचा सदरा. शिवाय त्याला सरसकट काढूनही चालत नाही. ज्या उंदरांत तो मुळीच नव्हता, ती पिल्लं गर्भातच गेली.

"म्हणजे ठेवूनच घ्यायला पाहिजे," हिनं माझ्याकडं बघत सुस्कारा टाकला.

पुतणी गेली त्या दिवशी रद्दीवाला आला. तह झाला होता: ट्रंक माझी, बाकी तिचं. दिवाळीची छापील कार्डं, संपलेल्या विम्याचे कागद, तारेला ओवलेली दहा वर्षांची वीजबिलं, सगळं मिळून साडेसहा किलो भरलं. मामांची पत्रं ट्रंकेत राहिली. तार रिकामी झाली. चकतीवरचा शाईचा डाग मी पहिल्यांदाच बघितला.

मी पुतणीला जाताना एक कोरं कार्ड दिलं होतं, ५० पैशांचं, गंमत म्हणून. तिनं ते खरंच पुण्याहून टाकलं. "ती. काका-काकू यांस सा. न., सुखरूप पोचले. येत्या रविवारी फोन करते." कार्ड मंगळवारी मिळालं. रविवार आदल्या दिवसाच्या आदल्या दिवशीच झाला होता, आणि त्या दिवशी तिचा फोन येऊन गेला होता, चांगला पाऊण तास. मी काही बोलायच्या आत हिनं कार्ड वाचलं, उलटं करून पत्ता वाचला, पिनकोड वाचला आणि तारेला ओवून टाकलं.

रविवारी सकाळी बघतो तर पदर खोचून हिनं मोबाईल चार्जिंगला लावलेला, आवाज पूर्ण वाढवलेला.

"अगं, तो रविवार होऊन गेला," मी म्हटलं.

"येत्या म्हटलंय की," ती म्हणाली.